खाणीचं आंबट पाणी

“ओ ताई, झालं का न्हाई तुमचं पाणी तयार? हितं पिल्लं गुदमराय लागल्यात पिशवीत!”

टेम्पोच्या फळीवर उभं राहून ड्रायव्हरकाका ओरडले आणि चिरेखाणीच्या काठावर जमलेल्या अकरा बायकांनी एकदम माझ्याकडे मान वळवली. अकराच्या अकरा! त्यात माझी आईसुद्धा. मी तेव्हा आठवीत होते. एका हातात आमचा पितळी गडू, दुसऱ्या हातात पीएच कागदाची एवढीशी पुस्तिका, आणि घशात आवाज म्हणाल तर शून्य. माझा आवाज तेव्हा इतका बारीक होता की वर्गात मी “हजर” म्हटलं तरी मला गैरहजर लावायचे, आणि ते दुरुस्त करायला मी उठून उभीही राहायचे नाही. आता अकरावीत माझ्या बाकावरची मुलगी म्हणते, “दुर्वा, बोलताना मध्येमध्ये श्वास घेतलास तरी चालेल हां!” तिला काय सांगणार!

“बोल गो,” आई म्हणाली. “कागद काय सांगता?”

मी गडूत खाणीचं पाणी भरून घेतलं होतं. त्यात पट्टी बुडवली, बाहेर काढली, एक ते दहा मोजले आणि पुस्तिकेच्या पुठ्ठ्यावरच्या रंगांशी लावून बघितली. हिरवी. छान, पोपटासारखी हिरवी.

“सात,” मी पुटपुटले.

“काय?”

“सात. म्हणजे ना आम्ल, ना आम्लारी... म्हणजे ठीक. चालेल.”

बायकांनी असा काही गलका केला की झाडावरचे कावळे उडाले. शेवंताकाकीने तर माझ्या पाठीत धपाटाच घातला. आईने नुसता डोक्यावरचा पदर खोचून घेतला. पण तिचा चेहरा मी बघितला, आणि खरं सांगते, त्या अर्ध्या मिनिटात मला स्वतःचा इतका अभिमान वाटला, इतका वाटला, की विचारू नका.

कारण गेल्या वर्षीची सकाळ आम्ही दोघींनी बघितली होती. ही खाण म्हणजे जांभ्या दगडाचे चिरे काढून काढून उरलेला भलामोठा चौकोनी खड्डा. चिरे संपले, ठेकेदार गेला, पावसाचं पाणी साठलं. आईने बचत गटातल्या बायकांना गोळा केलं, ग्रामपंचायतीच्या दहा खेपा घातल्या आणि मासे वाढवायला खाण मागून घेतली. रोहू आणि कटल्याची बोटाएवढी पिल्लं आणली. त्यांना बोटुकली म्हणतात, काय गोड नाव आहे! संध्याकाळी सोडली आणि सकाळी जाऊन बघतो तर सगळं पाणी पांढऱ्या पोटांनी भरलेलं. आई गुडघाभर पाण्यात उभी राहून दुपारपर्यंत सुपाने मेलेले मासे काढत होती. त्यानंतर वर्षभर बाजारात कोणी ना कोणी विचारायचंच, “काय सरिताताई, औंदा किती मासे मारतलास?”

आमच्या विज्ञानाच्या कुडतरकर मॅडमनी मग ते पाणी तपासलं आणि कारण सांगितलं. आमच्या सड्यावरची, म्हणजे वरच्या कातळमाळावरची, तांबडी माती आणि जांभा आंबट जातीचा. त्यावरून वाहून आलेलं पाणीही आंबट. गोड्या पाण्यातून आलेल्या पिल्लांना तो धक्का सोसत नाही. उपाय एकच, चुना. खाणीत चुना घाला, आंबटपणा मारा, मग पिल्लं सोडा. पाणी तपासायची पुस्तिका मॅडमनी माझ्याकडे दिली. माझ्याकडेच का? कारण “धातूंची ऑक्साइडे पाण्यात विरघळली की आम्लारी तयार होतात” हे वाक्य मी पेपरात शब्दन् शब्द लिहिलं होतं. पुस्तिकेत मोजून तीन पट्ट्या उरल्या होत्या. एक मी आत्ताच वापरली होती.

आणि ह्या खेपेला मासे मेले तर? तर ग्रामपंचायत खाण परत घेणार आणि नवा ठेकेदार ती दगडाच्या कपच्या टाकून बुजवणार. हे ठरलेलंच होतं. आईला तिसरी संधी नव्हती.

“चला, पिशव्या उतरवा!” आई म्हणाली.

“थांब गो सरिता.”

हे बोलली रुकमावशी. रुक्मिण तारी. खाडीकाठी शिंपले भाजून चुना करणारी आमच्या भागातली शेवटची बाई. पन्नाशीची, काटक, हाताची कातडी चिऱ्यासारखी खरखरीत, आणि जिभेला तर हाडच नाही. खाणीत घातलेला चुना तिनेच दिलेला. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी तिने तो स्वतः छोट्या होडीतून फिरून पसरला होता. पण त्यानंतर सलग चार दिवस पाऊस कोसळला होता.

ती खाणीच्या पायऱ्या उतरून पाण्याशी गेली आणि तिने एक सुंभ ओढून वर काढला. त्याला शिंपल्यांची माळ बांधलेली होती. चुना घातला त्याच दिवशी तिने ती पाण्यात सोडून ठेवली होती म्हणे, कोणालाच न सांगता.

“ह्यो शिंपलो बघ,” तिने एकावर नख ओढलं. नखाखाली पांढरं पीठ जमलं. “पाणी शिंपलो खाता हा. म्हणजे अजून आंबट आसा. चार दिसांच्या पावसान सड्यावरचा नवा पाणी आत इला. माझो चुनो पुरलो नाय.”

“गे रुकमिणी,” शेवंताकाकी म्हणाली, “ता शाळेचा कागद! छापील! तुझो शिंपलो खयच्या शाळेत गेल्लो?”

सगळ्या हसल्या.

“शाळेत मी पण नाय गेलंय,” रुकमावशी म्हणाली. “पण शिंपलो तरी आठ दिस पाण्यात होतो. तू आठ दिसांत हय पाय तरी बुडवलंस?”

पुन्हा सगळ्या हसल्या, ह्या वेळी शेवंताकाकीला.

“अहो, भांडण मागनं करा,” ड्रायव्हरकाका म्हणाले. “पिशवीतला प्राणवायू सांजच्यापर्यंतच पुरतोय. परत न्यायची म्हणाल तर घाट चढंस्तवर निम्मी खपत्यात.”

आईने माझ्याकडे बघितलं. मग रुकमावशीकडे. “मावशी, तुझा खोटा नाय गो. पण पोरग्यान सगळ्यांसमोर बघल्यान मा? हिरवो झालो तो कागद.” आणि ती टेम्पोकडे वळली. पहिली पिशवी खाली उतरलीसुद्धा. फुगलेली, चमकणारी, आणि आत शेकडो बोटुकली इकडून तिकडे पळत होती.

मी आपली गडूतलं पाणी ओतून द्यायला कडेला गेले. गडू रिकामा केला, आणि सवयीने त्याच्या मानेवरून अंगठा फिरवला. तिथे जोड असतो ना, गळा आणि पोट जुळतात तिथे. अंगठ्याला काहीतरी बुळबुळीत लागलं. बघितलं तर राखाडी कण.

राख.

आईने सकाळी गडू घासला होता. चुलीतली राख घेऊन, नारळाच्या काथ्याने, चांगली पंधरा मिनिटं. मी म्हटलं होतं, “आई, साधी बाटली नेते.” तर ती म्हणाली होती, “शाळेचा काम, अकरा बायका बघतली, आणि तू काय फुटकी बाटली घेवन जातलंस? लखलखीत गडू घेवन जा.” आमच्याकडे चांगल्या कामाला घासलेलं भांडं न्यायचं असतं. देवाला, पाहुण्याला, आणि त्या दिवशी विज्ञानाला.

ते परीक्षेतलं वाक्य, शब्दन् शब्द पाठ असलेलं वाक्य, मला पहिल्यांदा *कळलं*. झाड जमिनीतून कॅल्शियम घेतं, पोटॅशियम घेतं. झाड जळलं की मागे राहते ती राख, आणि त्या राखेत काय असतं? त्याच धातूंची ऑक्साइडे! रुकमावशीचा चुना तेच काम करतो, राख तेच काम करते. मी खाणीचं पाणी तपासलंच नव्हतं. मी गडूत खाणीचं पाणी घेतलं होतं, गडूने ते गोड करून दिलं होतं, आणि मी सगळ्यांना सांगितलं होतं, चालेल.

मी धावत पायऱ्या उतरले आणि दुसरी पट्टी सरळ खाणीच्या पाण्यात बुडवली. मध्ये भांडं नाही, काही नाही.

पिवळी. नारिंगीकडे झुकणारी पिवळी. साडेपाच.

आता इथे मी खरं सांगणार आहे, कारण नाहीतर ह्या गोष्टीला काही अर्थच नाही. मी दोन-तीन श्वास तशीच उभी राहिले. मनात आलं, की सांगितलं नाही तर? मेले तर दोष पावसावर जाईल. रुकमावशीच्या चुन्यावर जाईल. आणि सांगितलं तर सगळ्यांसमोर माझं हसं होणार, आणि आईचंही, कारण गडू तिने घासला होता. हे सगळं मनात आलं.

मग पहिल्या पिशवीची गाठ सोडायला शेवंताकाकी वाकली.

“थांबा,” मी म्हटलं.

कोणी ऐकलं नाही.

“थांबा ना!”

नाहीच. त्या बायकांच्या कलकलाटात माझा आवाज म्हणजे समुद्रात थुंकल्यासारखा. फक्त रुकमावशी माझ्या बाजूला उभी होती. तिने माझ्याकडे मान कलती केली, जशी कोंबडी करते ना तशी, आणि मग जी आरोळी ठोकली!

“गप ऱ्हवा गो सगळी! चेडू काय तरी सांगता हा!”

सगळं शांत. मी तोंड उघडलं. “माझं चुकलं. गडूत राख होती. पाणी... पाणी अजून आंबट आहे.” आणि पिवळी पट्टी वर धरली.

मग शेवंताकाकी म्हणाली, “मगाशी हिरवो, आता पिवळो! कागद आसा काय सरडो?”

ह्या वेळी कोणी हसलं नाही.

“मीच घासलंय गडू,” आई हळू म्हणाली. “बरो दिसांदे म्हणान.” आणि ती काठावरच्या चिऱ्यावर बसली. एवढंच. रडली नाही, ओरडली नाही, नुसती बसली, आणि मला वाटलं खाणीने मला आत्ताच्या आत्ता गिळावं.

“म्हंजी आता?” ड्रायव्हरकाका विचारत होते. “पिल्लांचं काय करायचं म्हंतो मी?”

रुकमावशीने माझ्या हातातून गडू घेतला. आत बोट घालून मानेपाशी फिरवलं, आणि... चाटलं! मग तिने तोंड वाकडं केलं, आणि हसायलाच लागली. खो खो, पोट धरून. मला वाटलं, झालं, आता ही गावभर सांगत फिरणार.

“सरिता,” ती म्हणाली, “एक चिमटी राखेन गडूभर पाणी गोड केलंस गो तू!”

“मावशी, आता चेष्टा नको.”

“चेष्टा नाय. ऐक. गडूभर पाण्याक एक चिमटी. तर त्या डबऱ्याक किती?” तिने बोट दाखवलं.

खाणीच्या कोपऱ्यात बाजूला एक छोटा डबरा होता. आमच्या दोन वर्गांएवढा, कमरेइतका खोल. ठेकेदाराने तिथे चिरा लागतो का बघितलं होतं आणि सोडून दिलं होतं. मधे जांभ्याची भिंत असल्यामुळे त्याचं पाणी वेगळंच होतं.

“अख्खी खाण आज गोड होवची नाय,” रुकमावशी म्हणाली. “पण डबरो होतलो. पिल्लां आज डबऱ्यात सोडूया. पंधरा दिस थय ऱ्हवतली. तोपर्यंत खाण सावकाश करूया. इवलीशी पिल्लां ती, तेंका किती जागा व्हयी?”

ड्रायव्हरकाकांनी डोकं खाजवलं. “हां. चालंल की. आमच्याकडं बी लहानपणी अशीच छोट्या टाकीत ठेवत्यात.”

“पण चुना?” आई उठली. “चुनो खय आसा आता?”

“माझ्या हातगाडीवर पिंप आसा. काल विरवन ठेवलंय. थंड झालो हा.”

सगळ्या तिच्याकडे बघतच राहिल्या. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो, फुसफुसतो, तासन्तास तापतो. थंड, लोण्यासारखा चुना हवा तर आदल्या दिवशी तयारी करावी लागते. म्हणजे ही बाई काल आपल्या घरी बसून, कोणी सांगितलं नसताना, पाऊस बघून चुना विरवत होती! आणि आज हातगाडी ढकलत सड्यावर घेऊन आली होती, आणि आम्ही तिच्या शिंपल्याला हसलो तरी त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती.

“पण एक आसा,” रुकमावशी माझ्याकडे वळली. “चुनो कमी पडलो तर माका शिंपलो सांगता. जास्त झालो तर शिंपलो काय सांगणा नाय. आणि जास्त झालो तरी पिल्लां मरतत, भाजान मरतत. ता तुका सांगूक व्हया.”

“मला?” मी म्हटलं. “मावशी, आत्ताच तर चुकलं माझं!”

“म्हणानच. ज्याची आत्ता चूक झाली हा, तो आता दोनदा बघतलो.” तिने हात पुढे केला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी पांढरी, सुरकुतलेली, चकचकीत. “तुझ्याएवढी होतंय तेव्हा चुनकळ्यांच्या ढिगावर पाण्याची कळशी रिकामी केलंय. उडालो माझ्या हातावर. दुसऱ्या दिसाक माझ्या बापाशीन माकाच परत चुनो विरवूक लावल्यान. चल. तू थांब म्हटलंस की माझो हात थांबतलो. शब्द दितंय.”

माझ्याकडे एकच पट्टी उरली होती. एक! ती मध्येच वापरून चालणार नव्हतं, ती शेवटी खात्री करायला हवी. मग मधे काय? डोकं असं गरगरा फिरत होतं, आणि एकदम पुस्तकातलं पान आठवलं.

“काकी, तुमच्या कुंपणाला जास्वंद आहे ना? लाल?”

“आसा. कित्या, पूजा करतलंस?”

“आणा ना! सगळी आणा!”

शेवंताकाकीचं घर खाणीला लागूनच. ती ओटीभर फुलं घेऊन आली. मी दप्तरातली वही काढली, कोऱ्या पानांवर पाकळ्या चुरडून घासल्या. लाल पाकळी, पण कागदावर डाग उमटतो जांभळा. त्याच्या पट्ट्या फाडल्या. आंबट पाण्यात त्या गुलाबी होतात, चुन्याच्या पाण्यात हिरव्या. मधला जांभळा राहिला की आपलं काम झालं. पहिली पट्टी डबऱ्यात बुडवली. गुलाबी. पिंपातल्या चुन्याला लावली. हिरवीगार. बायका वाकून वाकून बघायला लागल्या.

“अगो बाय माझे,” शेवंताकाकी म्हणाली, “गणपतीक वाहतंय तेव्हा नाय असो रंग बदलणा.”

रुकमावशी डबऱ्यात उतरली. हातात नारळाच्या करवंटीचा डवला. एक डवला चुना बादलीत कालवून पांढरं पाणी करायचं, मग ती फिरत फिरत ते शिंपडणार. तिच्या मागे चार बायका बांबूने पाणी ढवळत होत्या. दर बादलीनंतर मी चारी कोपऱ्यांत एकेक कागद बुडवायचे.

पाचवी बादली. गुलाबी.

दहावी. गुलाबीच, पण जरा फिकट.

“अजून,” मी म्हणायचे. आणि मजा बघा, प्रत्येक वेळी “अजून” म्हणताना माझा आवाज जरा जरा वर येत होता. यावाच लागत होता. पाणी ढवळल्याचा आवाज, बायकांचं बोलणं, ह्यातून रुकमावशीपर्यंत तो पोचायला हवा होता.

तेरावी. एका कोपऱ्यात गुलाबी, तीन कोपऱ्यांत काहीतरी मधलंच. “नीट ढवळा ना इकडे!” मी म्हटलं. आणि बायकांनी ढवळलं! मी सांगितलं म्हणून! त्यात माझी आई होती, बांबू धरलेली, साडी मांडीपर्यंत खोचलेली.

चौदावी बादली. चारी कागद फिकट जांभळट. आहे, की नाही? मी एक पुन्हा बुडवला. उन्हाकडे धरला. रुकमावशीने पंधराव्या बादलीत हात घातला, पसा भरला, हात वर उचलला.

“थांब!”

हे मी ओरडले. मी! इतकं मोठ्याने, की टेम्पोपाशी बिडी ओढणारे ड्रायव्हरकाका दचकले आणि त्यांच्या हातची बिडी पडली. ढवळणारे बांबू थांबले. आणि रुकमावशीचा हात हवेत थांबला. पशातून पांढरं पाणी गळत होतं, तर तिने दुसरा हात खाली धरून ते थेंबसुद्धा बादलीत परत घेतले. एक थेंब डबऱ्यात पडू दिला नाही.

मी शेवटची पट्टी काढली. दोन बोटांत धरून सरळ पाण्यात बुडवली. दहा मोजले. सगळ्या माझ्याबरोबर मोजत होत्या, ऐकू येत होतं मला.

हिरवी. नीट सांगायचं तर सात आणि आठच्या मधली.

मी आईला पट्टी दाखवली. मग स्वतः पुन्हा बघितली. दोनदा. “सोडा,” मी म्हटलं.

पिशव्या आधी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार व्हायला. मग रुकमावशीने पहिल्या पिशवीची गाठ स्वतः सोडली. बोटुकली बाहेर आली आणि पळाली. एकच मागे राहिलं, आडवं, पोट दिसत होतं त्याचं. आईने माझा हात धरला. तिची नखं मला टोचत होती. त्या पिल्लाने एक कल्ला उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग शेपटी झटकली, सरळ झालं, आणि खाली गेलं.

“गेला!” पाण्यात हात धरून उभी असलेली रुकमावशी म्हणाली. “दुसरी पिशवी द्या.”

पंधरा दिवसांनी मोठी खाण तयार झाली, आणि त्या वेळी तर मॅडमनी नवी पुस्तिकाच दिली मला. मे महिन्यात आईच्या गटाने पहिलं जाळं ओढलं, तेव्हा एकेक रोहू माझ्या हाताच्या कोपरापर्यंत लांब होता. बाजारातली ती प्रश्न विचारणारी माणसं रांगेत उभी होती. आईने त्यांना काही ऐकवलं नाही, नुसते मासे तोलून दिले.

रुकमावशीला आम्ही सगळ्यात मोठा मासा घेऊन गेलो. तिने वास घेतला आणि परत दिला. “गोड्या पाण्याचो मासो? चिखलाचो वास येता. माका नको गो. आमी खाऱ्या पाण्यातले.” अशी ती!

आई तिच्या सुनेशी बोलत बसली होती. मी भट्टीशी रुकमावशीजवळ गेले. ती शिंपले निवडत होती, डोळे दुसरीकडे, बोटं शिंपल्यांवर. मी मोठ्या उत्साहाने नवीन पुस्तिका तिच्यापुढे उघडली.

“मावशी, बघ ना, ह्यात चौदा रंग आहेत! हा बघ, त्या दिवशीचा हिरवा.”

तिने पुस्तिका हातात घेतली. उलटी धरली होती. बोटाने पान चाचपलं आणि परत दिली.

“बरी आसा.”

“मावशी...”

“चुन्याच्या धुरान डोळे गेले गो माझे. धा वर्सां झाली. उजेड दिसता, माणूस हललेला दिसता. रंग नाय दिसणत. सुनेक ठावक आसा, बाकी कोणाक सांगाक नाय. सांगलंय तर चुनो कोण घेतलो माझ्याकडसून?”

मी पुस्तिका मिटली. “मग त्या दिवशी माझा कागद? गुलाबी, जांभळा?”

“माका काय म्हायत गुलाबी की जांभळो.”

“मग तू थांबलीस कशी?”

“तू थांब म्हटलंस म्हणान.”

भट्टीतून धूर येत होता. मला पुढचं विचारायची भीती वाटत होती, तरी विचारलंच. “आणि मी बोललेच नसते तर?”

रुकमावशीने हातातला शिंपला बाजूला ठेवला आणि दुसरा उचलला.

“पिंप अजून अर्धो भरलेलो होतो,” ती म्हणाली. “मी ओतीतच ऱ्हवलंय असतंय.”